बाईच्या तोंडची वाट

आगामो लग्न होऊन मिचेनी गावात आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पाणवठ्यावर तिच्या जिभेला जन्माचा वैरी भेटला. हा वैरी म्हणजे तिची सख्खी नणंद, तिलामो.

आगामो होलोबाची. होलोबा आणि मिचेनी यांच्यामध्ये एकच डोंगर. सकाळी भाकरी बांधून निघालं की दुपारच्या चहाला माणूस पोचतो. दोन्हीकडे आम्ही एकाच जमातीचे, लोलोपोच. तीच बकऱ्याच्या कातड्याची बंडी, तीच मक्याची दारू, सणाला आणि मयताला जमिनीवर तीच हिरवी पाइनची पानं. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, पण आमच्या भाषेला बारा कोस चालायचा दम कुठला? एक खिंड ओलांडली की ती बदलून मोकळी. होलोबाची माणसं शब्दाचं शेपूट लांबवतात. आम्ही 'ये' म्हणून गप्प बसतो. ते 'येऽऽए' म्हणतात, अर्ध्यात खाली उतरतात, पुन्हा वर चढतात.

तर नव्या नवरीने बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "जरा सरकता काऽऽआ?"

झालं! तिलामोने मान वाकडी केली, डोळे मिचकावले आणि हुबेहूब त्याच सुरात म्हणाली, "सरकते होऽऽओ, राणीसाहेब!" अख्खा पाणवठा हसला. मीही हसले. खोटं कशाला बोलू?

दुसरी एखादी असती तर तिने वर्षभरात जीभ वळवून घेतली असती. अशा कितीतरी नवऱ्या आल्या आणि पहिलं पोर होईस्तोवर आमच्यासारखं बोलायला लागल्या. आगामो मात्र बादली डोक्यावर चढवून म्हणाली, "वन्सं, आईने दुधाबरोबर पाजलीय ही बोली. तुमच्या गावचं पाणी प्यायला लागले म्हणून दूध ओकून टाकू?"

त्या दिवसापासून चव्वेचाळीस वर्षं दोघींचं हेच चाललं. आगामोने तोंड उघडायचं आणि तिलामोने शेपूट ओढायचं. लग्नात, बारशात, मक्याच्या कापणीत. पुढेपुढे तर आगामो समोर नसली तरी तिलामो तिची नक्कल करायची, कारण लोक हसायचे. आगामोही काही गरीब गाय नव्हती. एकदा भर जेवणात तिने सुनावलं, "वन्सं, माझ्याच बोलीवर तुमचं पोट भरतं वाटतं! मग बटाटे कशाला वाढून घेताय?"

कागदावर तिचं नाव आणखी वेगळं. लहानपणी शाळेतल्या चिनी बोलणाऱ्या हान मास्तरांना 'आगामो' लिहिता येईना, म्हणून त्यांनी तिचं नाव 'चाओदी' लिहिलं. त्याचा अर्थ, धाकट्या भावाला बोलावून आण. भाऊ काही आला नाही. पाठीवर तीन बहिणी आल्या. "माझ्या नावानेच माझं ऐकलं नाही," ती म्हणायची, "तर मी कुणाचं का ऐकू?" कार्डावर, दवाखान्यात, पेन्शनच्या रांगेत ती चाओदी. नावाचा पुकारा झाला की मुद्दाम तीनदा ऐकून मग उठायची.

नवरा सातोपो. माणूस शांत, पण अख्ख्या खोऱ्यात त्याचा मान, कारण तो वाट सांगायचा.

माणूस मेला की त्याला वाट सांगावी लागते, नाहीतर तो जाणार कुठे? आपल्या चुलीपासून निघायचं, उंबरा ओलांडायचा, मग पाणवठा, अक्रोडाचं टेपाड, वाघदगड, वाऱ्याची खिंड, असे एकतीस मुक्काम. पहिले नऊ आम्ही जिवंतपणी पाहिलेले. पुढचे फक्त मेलेल्यांनी पाहिलेत. शेवटच्या मुक्कामाला पूर्वजांची घरं. सांगणारा एकेक मुक्काम गाऊन सांगतो आणि मेलेल्याचा मुलगा उत्तर देतो, "पोचले." एक मुक्काम चुकला की मेलेला फिरून येतो, चुलीशी बसतो, आणि मग घरात आजारपणं. शब्द कुठेच लिहिलेले नाहीत. तोंडातून कानात आणि कानातून तोंडात. आणि सांगायचे ते पुरुषाने. बाईच्या तोंडची वाट वाकडी, असं आमचे म्हातारे म्हणत आले.

आता खरी गंमत ऐका. ज्या वर्षांत सरकारने जुन्या रीती बंद केल्या होत्या आणि असलं गाणं म्हणणं गुन्हा होता, त्या वर्षांत सातोपोच्या बापाने त्याला ही वाट शिकवली, ती बकऱ्यांच्या गोठ्यात, दबक्या आवाजात. दाराशी पहाऱ्याला आगामो. बाप गेला. मोठ्याने म्हणायची सोय नाही, त्यामुळे सातोपो विसरायला लागला. चौदाव्यानंतर अडायचा. मग गोठ्यात शेण काढता काढता आगामो खालच्या आवाजात सांगायची, "आडव्या झाडाचा ओढा. पुढे चला." सहा वर्षं अशी गेली. सातोपोच्या वाटेचे अर्धे मुक्काम त्या काळात आगामोच्या डोक्यात मुक्कामाला होते. पुढे दिवस पालटले, सातोपो उघड गायला लागला, त्याला सन्मानाची शाल मिळाली. आगामो मागे बसून दारू ओतायची. हे गावाला ठाऊक नव्हतं. तिलामोला तर नाहीच.

एक गोष्ट मात्र आगामोलाही ठाऊक नव्हती, ती म्हणजे परतीची वाट. सांगणारा मेलेल्याबरोबर स्वतः चालत असतो. शेवटच्या खिंडीत 'तू पुढे जा, मी फिरतो' म्हणून त्याने मागे वळायचं असतं, नाहीतर त्याचाही जीव तिकडेच राहतो. हे परतीचे शब्द सांगणारा कुणाला ऐकवत नाही. सातोपो ते मयताहून घरी येताना चालता चालता पुटपुटायचा. दारात पोचला की तेवढं मोठ्याने म्हणायचा, "आलो. ओत." आणि आगामो ओतायची. परतीच्या वाटेतलं तिला तेवढंच येत होतं.

बायकांकडे वेगळं गाणं आहे, हाकेचं. पोर दचकलं, तापलं, खाईनासं झालं, की समजायचं त्याचा जीव कुठेतरी वाटेत राहिला. मग वाटीभर तांदळावर अंडं ठेवून दारात उभं राहायचं आणि हाक मारायची: नदीवरून ये, कड्यावरून ये, तुझी ताटली वाट बघतेय. त्यातही नियम आहे. जीव फक्त आईच्या दुधाच्या बोलीला ओळखतो, दुसऱ्या बोलीत कितीही ओरडा, पालथ्या घड्यावर पाणी. आगामोचा लाबो चार वर्षांचा असताना ओढ्यात पडला, तेव्हा तिने होलोबाच्या शेपटाने हाक मारली. तिलामो शेजारून म्हणाली, "पोरगं मिचेनीचं आणि हाक डोंगरापलीकडची! जीव यायचा तो उलटा आजोळी जाईल!" तिसऱ्या दिवशी लाबो उठला आणि खारवलेलं डुकराचं मांस मागायला लागला. तिलामोनेच त्याला आणून दिलं.

हे सगळं सांगायचं कारण, सातोपो गेला.

अक्रोड झोडून झाले होते. सकाळी त्याने मातीच्या भांड्यात चहाची पानं भाजून वर पाणी ओतलं, एक घोट घेतला, म्हणाला, "कडू झालाय," आणि भिंतीला टेकला तो टेकलाच. ज्याने खोऱ्यातल्या दोनशे माणसांना पोचवलं, त्याला पोचवायला कुणी उरलं नव्हतं. शेजारच्या खोऱ्यातला म्हातारा दोन वर्षांपूर्वीच गेला, त्यालाही सातोपोनेच पोचवलं होतं.

लाबो खुनमिंग शहरातून आला. वीस वर्षं तिकडे इमारती बांधतोय. आपली भाषा समजते त्याला, पण तोंडाला गंज चढलाय. आणि तिलामोचा मुलगा योंगलिन आला, हातात पुस्तक घेऊन.

योंगलिन मुलगा चांगला, वाईट म्हणायला जागा नाही. आपली भाषा मरू नये म्हणून धडपडतो. पण त्याचं काम म्हणजे कागद. आपल्या भाषेला धड स्वतःची अक्षरं नाहीत; जो तो आपापली टोपी तिच्या डोक्यावर घालून बघतो. गावाच्या तोंडाशी कुणीतरी मोठा फलक लावलाय, त्यावर उत्तरेकडच्या मोठ्या पहाडातल्या भाईबंदांची अक्षरं आहेत. दिसतात झकास, पण गावात वाचता येणारा एक माणूस नाही. बकऱ्या पाठ खाजवतात त्याला. योंगलिनच्या पुस्तकात तर तीन ओळी: वर ती पहाडी अक्षरं, मध्ये इंग्रजी वळणाची, खाली हान. आणि पुस्तकात होती वाट. अख्खी, छापलेली.

अंगणात पाइनची पानं पसरली होती. शवपेटी ओट्यावर. सावली पायाखाली यायच्या आत ती उचलायची होती, त्याआधी वाट सांगून व्हायला हवी.

"मामाला मी पोचवतो," योंगलिन म्हणाला. "सगळं आहे यात. मी वाचतो, लाबोदादा उत्तर देईल."

तिलामोने डोळे पुसले. भावाचं दुःख होतंच, पण मुलाचा अभिमानही लपत नव्हता. "माझ्या भावाचं नशीब! घरातलाच पोचवणारा निघाला."

आगामो चुलीपाशी होती. सकाळपासून रडली नव्हती. ती उठून अंगणात आली. "योंगलिन, पहिला मुक्काम वाच बघू."

योंगलिनने गळा साफ केला. "मिठाच्या विहिरीपासून निघा, डावीकडे..."

"थांब. मिचेनीत मिठाची विहीर कुठेय?"

अंगणात कुणीतरी खोकलं.

"मामी, हे तीन नद्यांपलीकडच्या गावच्या म्हाताऱ्याकडून उतरवून घेतलंय. पण लोलोपोच आहेत ते. भाषा तीच. थोडा फरक..."

"म्हणजे तुझा मामा इथून उठणार, न पाहिलेल्या विहिरीवर जाणार, परक्या खिंडी चढणार, आणि शेवटी कुणाच्या दारात उभा राहणार? दुसऱ्यांच्या आजोबांच्या! ते विचारतील, बाबा तू कोण? आणि हा बिचारा पुस्तक दाखवणार! पुस्तक चांगलं असेल रे. ज्याचं आहे त्याला पोचवेल. ह्याला नाही."

"मग काय करायचं?" लाबोने हान भाषेत विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"मी सांगते वाट," आगामो म्हणाली.

जे काय झालं ते विचारू नका. म्हातारे उठून उभे राहिले. एकाने पानं तुडवत जमिनीवर काठी आपटली. "बाई? बाईच्या तोंडची वाट?"

"वाकडी असते, माहीतय," आगामो म्हणाली. "पण गोठ्यात सहा वर्षं जपलेली आहे. तुम्ही सगळे शेपूट घालून बसला होतात तेव्हा ती याच तोंडात होती. तुमच्या बापाला पोचवलं ना ह्याने? आठवा. चौदाव्यानंतर ह्याने माझ्याकडे पाहिलं होतं. तुम्हाला वाटलं, दारू मागतोय."

म्हातारा काठी धरून बसला. बाप त्याचा होता, आणि चौदाव्यानंतरची ती नजर त्याला आठवत असावी.

पण तिलामो गप्प बसणारी नव्हती. मुलाच्या हातातलं पुस्तक मिटलेलं पाहून ती फणकारली. "वा गं वा! आयुष्यभर त्याचं डोकं खाल्लंस, आता मेल्यावर पण त्याच बोलीत? माझ्या भावाला कळेल का तुझं ते शेपूट?"

"कळेल का?" आगामोचा आवाज चढला. "चव्वेचाळीस वर्षं याच बोलीत भांडलाय तो माझ्याशी, वन्सं! एक शब्द कधी खाली पडू दिला नाही त्याने!"

मयताच्या अंगणात हसू नये. पण दोघीतिघी हसल्या, आणि मग रडल्या.

तिलामो जवळ आली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "अगं बाई, नेशील त्याला. परत कशी येशील? परतीचं ठाऊक आहे?"

आगामो म्हणाली, "नाही."

"मग?"

"मग येईन नाहीतर नाही येणार. तुम्हाला काय त्याचं? कायमची कटकट जाईल तुमची."

तिलामो मागे सरकली आणि बायकांत जाऊन बसली. मी तिला साठ वर्षं ओळखते. भांडण अर्धं टाकून जाताना तिला त्याच दिवशी पाहिलं.

होलोबाहून कुणी हाक मारायला असतं तर गोष्ट निराळी. पण होलोबा दोन वर्षांपूर्वीच उठलं. सगळी वस्ती खाली सपाटीवर नव्या घरांत गेली. आगामोची एक बहीण वारली, दोघी तिकडे. निरोप धाडला होता, पण घाटात रस्त्याचं काम, गाडी संध्याकाळशिवाय सुटणार नव्हती. आमच्या डोंगरावर ती बोली बोलणारं एकच तोंड उरलं होतं, आणि ते आता मेलेल्याबरोबर निघालं होतं.

आगामो पेटीच्या डोक्याशी बसली. नवऱ्याची जुनी बंडी खांद्यावर घेतली आणि सुरू झाली.

आवाज बसका, सुरुवातीला कापरा. शब्द सातोपोचेच, चाल त्याचीच, पण प्रत्येक मुक्कामाला होलोबाचं शेपूट. आपल्या चुलीपासून उठ. उंबरा ओलांड. लाबो म्हणाला, "पोचले." पाणवठा. "पोचले." अक्रोडाचं टेपाड, यंदा झाडं चांगली लागलीत, मागे वळून बघू नकोस. वाघदगड. वाऱ्याची खिंड. नऊ झाले, दहा झाले. तेरा. चौदाव्यानंतर सगळ्या अंगणाने श्वास रोखला. ती अडली नाही. आडव्या झाडाचा ओढा. काठीवाल्या म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि मान हलवली. विसाव्यापासून तर लाबोच्या जोडीने बाकीचेही म्हणायला लागले, "पोचले, पोचले."

तिसावा मुक्काम म्हणजे शेवटची खिंड. इथे सांगणाऱ्याने फिरायचं. आगामो थांबली. मग वाटेत नसलेले शब्द तिने घातले, आपल्या बोलीत, गुरगुरल्यासारखे:

"लाबोच्या बापा, ती समोर घरं दिसतात ना, तीच. जा. चहा फार भाजून मागू नकोस तिथे, तुझ्या पोटाला सोसत नाही. माझी वाट बघत बसू नकोस, मला कामं आहेत. तू जा. मी फिरते."

"पोचले," लाबो म्हणाला, आणि हुंदका फुटला त्याला.

एकतिसावा मुक्काम मेलेला एकटाच चालतो. वाट संपली होती. पेटी उचलायला माणसं पुढे झाली. पण आगामो उठली नाही.

डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. हात मांडीवर पडलेले. लाबोने खांदा हलवला. मान सैल हलली. "मा! मा!" तो शहरातल्या भाषेत ओरडायला लागला. योंगलिनने पाणी आणलं. एक म्हातारा हळूच म्हणाला, "सांगितलं होतं." सावली पायांजवळ सरकत होती.

तिकडे काय झालं ते आगामोने नंतर मला सांगितलं. ती खिंडीत उभी होती. सातोपो उतरून गेला होता. मागे वळली, तर खाली दहा वाटा, सगळ्या सारख्या. शब्द नाहीत, तर पाऊल कशावर टाकायचं? कुणीतरी लांबून ओरडत होतं, पण ते तिला हाक वाटेना. बाजारातला कालवा वाटला. दमही लागला होता. बसावं, असं मनात आलं. खिंडीत बसलं की संपलं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती बसायला वाकली.

आणि मग तिला ऐकू आलं: "आगामोऽऽओ! येऽऽए!"

तेच शेपूट. अर्ध्यात खाली, मग वर. पाणवठ्यावरचं! तिलामो नक्कल करत होती! भावाची पेटी अंगणात, आणि ही बाई नक्कल करतेय! आगामोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणते, "मी ठरवलं, मरायचं ते नंतर बघू. आधी हिच्या तोंडावर जाऊन चार शब्द बोलते." आणि रागाच्या भरात पाऊल उचललं गेलं, आवाजाच्या दिशेने.

अंगणात आम्ही बघत होतो ते असं. तिलामो घरात धावली, वाटीभर तांदूळ घेतले, त्यावर अंडं ठेवलं, उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. एका शेजारणीने डिवचलं, "तुझी हाक कशी चालेल? तिला दुधाची बोली लागते!" तिलामो म्हणाली, "गप्प बस. ती मला येते." आणि खरंच येत होती. चव्वेचाळीस वर्षं रोज घोटली होती तिने. होलोबाची एकही लकब तिच्या कानातून सुटली नव्हती. अंडं तांदळावर डुलत होतं, आणि ती होलोबाच्या आयांसारखी हाक मारत होती: खिंडीवरून येऽऽए. ओढ्यावरून येऽऽए. वाऱ्यातून येऽऽए. तुझी चूल विझेल. तुझ्या बकऱ्या कोण काढणार? मी कुणाशी भांडू? मी कुणाशी भांडूऽऽउ?

हे शेवटचं हाकेच्या गाण्यात नाही. ते तिने घातलं.

आगामोच्या बोटांनी बंडीचं टोक पकडलं. पापणी लवली. तिने मान वर केली, उंबऱ्याकडे पाहिलं. शिव्या द्यायला तोंड उघडलंच होतं, पण समोर तांदळाची वाटी, अंडं, आणि नणंदेच्या गालावरून ओघळणारं पाणी.

"आलीस का?" तिलामोने विचारलं. हे गाण्यातलं. विचारावंच लागतं.

"आले," आगामो म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं झाली, वन्सं, अजून नीट जमत नाही तुम्हाला."

तिलामोने वाटी खाली ठेवली आणि डोक्यावरचा रुमाल तोंडात कोंबून रडली.

मग आगामो स्वतः उठली. पेटीवर हात ठेवला आणि पुरुषांकडे वळून म्हणाली, "आता बघत काय उभे राहिलात? सावली थांबणारे का तुमच्यासाठी? उचला!" आणि उचलली त्यांनी. सावली अजून बोटभर बाहेर होती.

कुणाला अजून वाटतं की बाईने वाट सांगणं बरं नव्हे. वाटू दे. त्या घरात तेव्हापासून कुणाला साधी सर्दीही झालेली नाही, आणि सातोपो चुलीशी येऊन बसला असं कुणी पाहिलेलं नाही. दोन महिन्यांनी योंगलिन वही आणि रेकॉर्डर घेऊन आला. "मामी, तुमची वाट उतरवून घेतो. कुठल्या अक्षरांत लिहू?"

"तुला वाचता येईल त्यांत लिही. वाकडी लिही, उलटी लिही, मला काय! पण शेपूट कापलंस तर वही चुलीत घालीन."

तिलामो तिथेच बसली होती, बीन्स सोलत. आता ती रोज येते. येते म्हणजे भांडायलाच येते. शेंगा मोडता मोडता खाली बघतच म्हणाली, "आणि मला गं? मी मेले की मला कोण पोचवणार?"

"मीच. दुसरं आहे कोण?" आगामो म्हणाली. "पण सांगून ठेवते, एकतीस मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला थांबवून शिव्या घालीन."

"घाल," तिलामो म्हणाली. "पण तुझ्या बोलीत घाल. मला कळते ती."